वासाचं चित्र कसं काढायचं?

गेल्या अंकात मी जपानी चित्रकथांवर, म्हणजे मांगावर, लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच चित्रपटाबद्दल निघाली. तो चित्रपट म्हणजे ‘ग्यो’. जुंजी इतो यांच्या मांगावरून २०१२ साली केलेला, जेमतेम सव्वा तासाचा अॅनिमेशनपट. तिन्ही पत्रं बडोद्यातलीच आहेत, म्हणून उत्तरंही एकत्र देतो.

सर, मित्राच्या खोलीवर आम्ही चौघांनी ‘ग्यो’ पाहिला. माशांना लोखंडी पाय फुटतात आणि ते शहरात घुसतात. शार्क जिना चढायला लागला तेव्हा आम्ही हसून हसून लोळलो. याला भयपट का म्हणतात? मूळ मांगा वाचावा का? – एक विद्यार्थी, फतेगंज

हसू का आलं ते आधी सांगतो. चित्रपटातली माणसं हातानं काढल्यासारखी आहेत आणि चालते मासे बरेचसे संगणकावर घडवलेले. दोन्हींचा सांधा नीट बसलेला नाही. मासा पाय टेकतो, पण त्याचं वजन जमिनीला लागत नाही. वर्गात मी मुलांना पहिल्या आठवड्यात हेच सांगायचो, की खुर्ची काढलीस तर ती जमिनीवर बसली पाहिजे. ‘डीमन स्लेयर’ ही गाजलेली जपानी अॅनिमेशन मालिका ज्यांनी केली त्याच युफोटेबल स्टुडिओचं हे काम आहे. दिग्दर्शक ताकायुकी हिराओ. हात कसलेले होते, पण इथे रेष हातातून निसटली आहे.

पण गोष्टीत भीती आहे, आणि ती पायांत नाही. ती वासात आहे. सुरुवात आठव. ओकिनावा या जपानी बेटावरचं समुद्राकाठचं घर, सहलीला आलेल्या तीन मैत्रिणी, आणि मासा दिसायच्या आधी घरात शिरलेली कुजकी घाण. मांगामध्ये नायक तादाशीची प्रेयसी काओरी आहे, तिचं नाक फार तिखट. तिला सगळ्याचाच वास येतो, त्यावरून तिचं आणि तादाशीचं भांडण होतं. तिचं म्हणणं त्याला खरं वाटत नाही आणि वास तर वाढतच जातो. चित्रपटानं तादाशीऐवजी काओरीला नायिका केलं, तिला टोकियोभर त्याच्या शोधात फिरवलं. धावपळ वाढली आणि ते चिडकं, दुखावलेलं नाक मागे पडलं. मला ही मोठी हानी वाटते.

मी बडोद्यातच, अकोट्यात तळमजल्यावर राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या पावसात विश्वामित्री नदी चढली तेव्हा मी आणि बायको वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. सोसायटीच्या फाटकाशी एक मगर आली होती. जिन्याच्या खिडकीतून तिची पाठ दिसायची, टायरसारखी. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्यानं वस्त्यांतून २४ मगरी पकडल्या. भीती वाटलीच. पण मगर डोळ्यांना दिसते. ती फाटकाशी आहे तोवर आपण जिन्यावर आहोत, एवढं तरी कळतं.

पाणी उतरल्यावर दार उघडलं आणि जे अंगावर आलं त्यापासून लांब जायला जिना नव्हता. फ्रीज उताणा पडला होता. त्यातलं दूध, कोथिंबीर, श्रीखंडाचा डबा, सगळ्यात नदीचा गाळ. पण खरा वास दिवाणाच्या पेटीत होता. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलांनी निरोपाला दिलेली चित्रं त्या पेटीत होती. चांगल्या जाड कागदाला जनावराच्या सरसाचा हात दिलेला असतो, म्हणून रंग त्यावर पसरत नाही. तो सरस भिजून सडला की मेलेल्या जनावराचाच वास येतो. शे-दीडशे चित्रांची एक वीट झाली होती. पॅलेट नाइफनं एकेक कागद सोडवत बसलो. नाकाला कापूर लावलेला रुमाल बांधला होता, तरी ओकारी यायची. अकरा चित्रं वाचली. भिंतींना रंग दिला, कपाट बदललं, आणि अजूनही पहिल्या पावसात तो वास खोलीत आल्यासारखा वाटून मी उठून बसतो. बायको म्हणते, काही येत नाहीये. काओरीचं नाक मला तेव्हा कळलं.

आता मांगा घे आणि उजवीकडून डावीकडे सावकाश वाच. इतो पूर्वी दंततंत्रज्ञ होते, कवळ्या-दात घडवायचे. १९८७ साली त्यांची पहिली कथा छापून आली. ‘ग्यो’ २००१-०२ मधली. काळ्या शाईच्या बारीक, एकावर एक घातलेल्या रेघांनी ते फुगलेलं अंग, ओलं खवलं, हवेत लोंबकळणारा वायू असा काढतात की पान उलटताना बोट कडेलाच धरावंसं वाटतं. छपाईला रंग नाही, आवाज नाही, वास तर नाहीच. सगळं रेघेवर. म्हणून हो, मांगा वाचच. आणि त्यानंतर चित्रपटाची पहिली वीस मिनिटं पुन्हा बघ, एकटा.

काका, नातू म्हणतो मासे खरंच चालतात. मी म्हटलं थापा मारू नकोस. खरं काय? – एक आजोबा, वाडी

नातवाचं बरोबर आहे. मागूर मासा हवेत श्वास घेऊ शकतो आणि पुढच्या परांचे काटे टेकवत, अंग वळवत ओल्या जमिनीवरून एका डबक्यातून दुसऱ्यात जातो. कोकणातल्या खाडीत निवटे चिखलावर टुणटुण उड्या मारतात, आपल्या खंभातच्या आखाताच्या चिखलातही आहेत. तुमचे नातेवाईक रत्नागिरीकडचे असतील तर त्यांनी ते खाल्लेही असतील. चित्रपटातल्यासारखा मोठा शार्क मात्र चालत नाही. स्पीलबर्गच्या शार्कच्या चित्रपटातली भीती पाण्यातून जमिनीवर आणली तर आणखी वाढेल, असं इतोंना वाटलं, त्यातून ही गोष्ट आली. आणि जपानीत ‘ग्यो’ म्हणजे मासा, तसंच दचकल्यावर तोंडातून निघतो तो आवाजही ‘ग्यो’च. नातवाला हे सांगा, खूश होईल.

सर, माझा मुलगा दहावीत आहे. त्यानं हा चित्रपट चोरून मोबाइलवर पाहिला. तेव्हापासून वह्यांच्या समासात पाय फुटलेले मासे काढतो. रात्री दिवा चालू ठेवून झोपतो. गणिताची वही पाहून मला रडू आलं, ती फाडून टाकावी असं वाटलं. असल्या विकृत, अर्थहीन गोष्टी लोक बनवतातच का? – एक आई, मांजलपूर

ताई, पहिलं स्पष्ट सांगतो. हा चित्रपट त्याच्या वयाचा नाही. त्यात रक्त आहेच, शिवाय स्त्रीदेहाचं जे दाखवलं आहे ते मला या वयातही नकोसं झालं. तुम्ही रागावलात ते योग्यच.

पण अर्थहीन नाही हो. गोष्टीत ते लोखंडी पाय आणि तो कुजका वायू दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लष्कराच्या संशोधनातून आलेले आहेत. ते नेणारी बोट बुडाली, आणि तळाशी पडलेलं पाप इतक्या वर्षांनी पाय काढून किनाऱ्यावर आलं. यंत्रं कल्पनेतली आहेत, पण विषारी वायू कल्पनेतला नव्हता. हिरोशिमा प्रांतात ओकुनोशिमा नावाचं बेट आहे. तिथे १९२९ पासून युद्ध संपेपर्यंत लष्कराचा विषारी वायूचा कारखाना होता आणि तो लपवण्यासाठी ते बेट नकाशातून पुसून टाकलं होतं. चीनमध्ये हार्बिनजवळ त्याच लष्कराच्या ‘युनिट ७३१’ या तुकडीनं जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. त्या देशाचा एक चित्रकार जवळपास साठ वर्षांनी समुद्रातून दुर्गंधी वर येताना काढतो, तेव्हा मला ते विकृत वाटत नाही. मुलाला हे बेट नकाशात शोधायला लावा. आता ते नकाशात आहे.

आणि वही फाडू नका. तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग घेऊन पाहिला. वर्गमूळाच्या चिन्हाशेजारी त्यानं जो बांगडा काढला आहे, त्याच्या पायांचे सांधे त्यानं विचार करून बसवले आहेत. मागचे गुडघे उलटे, पुढचे सुलटे, आणि चारही पायांखाली पेन्सिल आडवी धरून सावली. तो मासा जमिनीवर उभा आहे. चित्रपटातल्या शार्कला जे जमलं नाही ते या पोरानं समासाच्या दोन इंचांत केलं आहे.

दिवा राहू द्या चालू, महिनाभर. झोपण्याआधी शेजारी बसा आणि त्याला नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. ‘काही नाही’ म्हणाला तरी उठू नका. मोबाइल रात्री तुमच्या खोलीत. गणितासाठी वेगळी वही, चित्रांसाठी वेगळी. दुसरी कोऱ्या कागदाची घ्या, रेघी नको.

त्याला हवं असेल तर रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे पाठवा, पत्ता संपादकांकडे आहे. पुरातून वाचलेली ती अकरा चित्रं मी त्याला दाखवीन. एकावर पाण्याची तपकिरी रेघ आहे आणि तिच्याखाली शाई अशी पसरली आहे, की मला गेली दोन वर्षं तो वास कागदावर आणता आलेला नाही तो तिथे आपसूक आला आहे. आम्ही दोघं मिळून ती रेघ काढून बघू. येताना ४बी पेन्सिल आणायला सांगा.