वाचकांचे प्रश्न : एक जानेवारी, पण कोणत्या सालची?

प्रश्न : मी नागपुरातील एका मराठी शाळेत इतिहास शिकवते आणि परिपाठाच्या वेळी फळ्यावर दिनविशेष लिहिते. ब्रिटनच्या इतिहासातील एक जानेवारीच्या घटना जमवताना सॅम्युएल पेपिस याच्या प्रसिद्ध रोजनिशीचा आरंभ एका पुस्तकात १६५९ साली, तर दुसऱ्या पुस्तकात १६६० साली झाल्याचे आढळले. यांतले खरे साल कोणते? शिवाय, माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि ती मिल एक जानेवारीलाच सुरू झाली, असे ते सांगत. या गोष्टीचा ब्रिटनच्या इतिहासाशी काही संबंध आहे काय? (एक शिक्षिका, महाल, नागपूर)

उत्तर : दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. आपल्या पंचांगात जानेवारी महिन्यात जुनाच शक चालू असतो आणि नवा शक गुढीपाडव्याला लागतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. तेथूनच सुरुवात केल्यास उलगडा सहज होईल. इंग्लंडमध्येही त्या काळी कायदेशीर वर्ष २५ मार्चला, म्हणजे येशूच्या जन्माची वार्ता मेरीला मिळाली त्या सणाच्या दिवशी, बदलत असे. लोक मात्र एक जानेवारीलाच नववर्षाच्या भेटी एकमेकांना देत. या दुहेरी चालीमुळे पेपिसने रोजनिशीच्या आरंभी १६५९ आणि ६० ही दोन्ही साले जोडून लिहिली. पुढे मे १६६९ पर्यंत त्याने ती लघुलिपीत चालवली आणि दृष्टी जाण्याच्या भीतीने थांबवली. स्कॉटलंडने तर १६०० पासूनच एक जानेवारी हा वर्षारंभ मानला होता. म्हणजे पेपिसने पहिले पान लिहिले त्या दिवशी एडिंबरोच्या दप्तरात १६६० आणि लंडनच्या दप्तरात १६५९ साल चालू होते. पहिल्या चार्ल्स राजाच्या शिरच्छेदाचे सालही याच कारणाने जुन्या कागदांत १६४८ आणि आजच्या पुस्तकांत १६४९ असे सापडते.

हा घोळ पार्लमेंटच्या कायद्याने मिटवला. त्यानुसार १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपले, म्हणजे ते अवघे २८२ दिवसांचे झाले, आणि १ जानेवारी १७५२ हा इंग्लंडचा पहिला कायदेशीर जानेवारी-वर्षारंभ ठरला. त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरून अकरा दिवस गाळण्यात आले. ते दिवस परत मागण्यासाठी लोकांनी दंगली केल्या, अशी हकीकत अनेक दिनविशेषांत असते. तिला समकालीन पुरावा नाही, म्हणून ती फळ्यावर लिहू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपल्या आजोबांनी सांगितले ते अगदी खरे आहे, आणि नागपूरच्या मुलांना ही घटना सर्वांत आधी सांगायला हवी. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी देणारा कायदा डिझरायली पंतप्रधान असताना १८७६ मध्ये झाला आणि १ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लिटन याने दिल्लीच्या दरबारात त्या पदवीची घोषणा केली. राणी स्वतः तेथे आली नव्हती. दख्खन आणि मद्रास प्रांतात माणसे दुष्काळाने मरत असताना हा थाट चालला होता, हे त्याच ओळीत लिहिल्यावाचून ती नोंद पुरी होत नाही. त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, जाड्याभरड्या स्वदेशी कापडाचा पोशाख करून हजर होते. आणि नेमक्या त्याच दिवशी जमशेटजी टाटांची कापड गिरणी आपल्या नागपुरात, जुम्मा तलावाजवळच्या जागेत, सुरू झाली. कापसाचा मुलूख भोवताली आणि १८६७ पासून रेल्वे दाराशी, म्हणून त्यांनी हे गाव निवडले होते. गिरणीला एम्प्रेस हे नाव पडले ते या घोषणेवरून. एकीकडे राणीच्या नावाची गिरणी आणि दुसरीकडे हातमागाचे कापड नेसून दरबारात बसलेले काका, या दोन्ही गोष्टी एकाच तारखेच्या आहेत. वर्गात या तारखेवर एक अख्खा तास घेता येईल.

उरलेल्या घटनांपैकी दोन-तीन पुरेत. १८०१ मध्ये ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांचे संयुक्त राज्य याच दिवशी अस्तित्वात आले आणि आयर्लंडचा लाल तिरपा क्रूस घातलेले आजचे निशाणही तेव्हापासून फडकू लागले. १९०९ मध्ये सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागले. पूर्ण रक्कम आठवड्याला पाच शिलिंग होती आणि ती पोस्टाच्या खिडकीवर मिळे. मला ही नोंद राजघराण्याच्या कित्येक नोंदींपेक्षा मोलाची वाटते. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला.

पेपिसबद्दल फळ्यावर इतकेच लिहावे : ‘१ जानेवारी १६६० (तेव्हाच्या इंग्लंडमधील गणनेने १६५९) : सॅम्युएल पेपिस याने रोजनिशी लिहिण्यास सुरुवात केली.’