तेल गळतंय कुठून, हे आधी कागदावर आणा

तासगावच्या एका वाचकाने लिहिलं आहे: ‘माझ्या डिझेल पिकअपमधून मी स्वतः द्राक्षं आणि बेदाणा सांगलीच्या मार्केट यार्डात पोचवतो. इंजिनखाली तेलाचे डाग दिसले म्हणून सांगलीतल्या एका गॅरेजला गाडी दिली. त्यांनी चेंबरचं (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याचं) पॅकिंग बदलून ६,८०० रुपये घेतले. आठवड्यात पुन्हा गळती. गाडी परत नेली, तर न विचारता गिअरबॉक्स उतरवून क्रँकचा मागचा सील (इंजिनाचा फिरता दांडा गिअरबॉक्सकडे जातो तिथली तेल अडवणारी कडी) बदलला. ट्रायल घेतली तेव्हा थेंब तसेच. आता १८,००० दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. दुसरीकडे दुरुस्त करून मग केस टाकू का?’

गाडी सोडवा, पण केसचा विचार असेल तर दुसऱ्या गॅरेजात लगेच इंजिन खोलू देऊ नका. एकदा दुरुस्ती झाली की मूळ दोष काय होता हे दाखवायला तुमच्या हातात काही उरत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

गळणारं तेल खाली उतरतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग मागच्या बाजूला फुटलं, तरी तेल गिअरबॉक्सच्या तोंडाशी येऊन टपकतं आणि मागचा सील गेल्यासारखा दिसतो. ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, तुंबला असेल तर आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर काढतो. म्हणून आधी इंजिन धुवून कोरडं करायचं, थोडं चालवायचं आणि वरून खाली बघत यायचं. तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिव्याखाली बघितलं तर उगम अधिक स्पष्ट दिसतो. तुमच्या गॅरेजने यातलं काही केलं का, हे लेखी विचारा. गळतीचा उगम न शोधता एकामागून एक भाग बदलून पैसे घेतले असतील, तर माझ्या मते ही सेवेतली त्रुटीच आहे.

आता १८,०००. करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला ठरलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. तुम्ही न सांगितलेल्या कामासाठी हा हक्क मागणं कायद्यात टिकणं कठीण. पण हंगामात गाडी उभी राहिली तर नुकसान रोजचं तुमचं आहे. आधी गाडी सोडा अशी लेखी नोटीस द्या. तिनेही गाडी सुटली नाही, तर ‘हरकत राखून देत आहे’ असं लिहून पैसे भरा. यूपीआयने द्या, तपशीलवार बिल घ्या, काढलेला सील आणि जुनं पॅकिंग मागून घ्या. पैसे भरले म्हणजे हक्क सोडला, असं होत नाही.

नंतर दुसऱ्या जाणकार मेकॅनिककडून फक्त तपासणी करून घ्या. गळती कुठून आहे हे त्याने तारीख, गाडीचा नंबर आणि किलोमीटरसह लिहून सही करावी. वर टॅपेट कव्हरपासून खाली चेंबरपर्यंत फोटो काढा. फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं ज्या मोबाइलमध्ये आहे तो जपा. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं.

मग पैसे परत मागणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच ठेवा. दाद मिळाली नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे, तुमच्या रकमेला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, काही वेळा तेवढ्यावरही तडजोड होते.

समोरचा ‘ही धंद्याची गाडी, हे ग्राहक नाहीत’ असा मुद्दा हमखास काढेल. स्वतः चालवून चरितार्थासाठीच वापरलेली गाडी कायदा व्यापारी हेतूत धरत नाही. तेव्हा गाडी एकच आहे, चालक मीच आहे आणि घर यावरच चालतं, हे खरं असेल तर तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.