तीन हजारांची कॉफी, चाळीस रुपयांची मदत आणि नानांची उधारी

जळगावचे एक वाचक विचारतात: "दोन वर्षांपासून आम्ही फेअर ट्रेडची, म्हणजे शेतकऱ्याला रास्त दर देणाऱ्या व्यवस्थेतली, कॉफी आणि चॉकलेट घेतो. ६०० रुपयांची तीन पाकिटं, ३०० रुपयांच्या चार वड्या, असे महिन्याला तीन हजार जातात. यातून इथिओपिया-घानाच्या गरीब शेतकऱ्यांचं कर्ज फिटत असेल तर आणखी वाढवू का?" वय ३९, पगार हातात ६२ हजार. शेवटी सहज म्हणून लिहिलंय: "मार्चमध्ये पॉलिसीचा ७२ हजारांचा पाचवा हप्ता आहे, त्यामुळे माझ्या भावाला, नानांना, यंदाही हातभार लावता येणार नाही. अमळनेरकडची पाच एकर ते पाहतात. पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचे ९० हजार थकलेत, म्हणून लाखभराचं बी-खत कृषी केंद्रातून महिना दोन टक्क्यांनी उचलतात."

आधी कॉफी. फेअर ट्रेडमध्ये कॉफीला पौंडामागे २० सेंट प्रीमियम, म्हणजे दरावर जादा रक्कम, मिळतो, कोकोला टनामागे २४० डॉलर. पाव किलो पाकिटासाठी साधारण ३०० ग्रॅम कच्चं बी लागतं, म्हणजे पाकिटामागे प्रीमियम बारा रुपये. चॉकलेटच्या वडीमागे सव्वा रुपया. तुमच्या तीन हजारांतून प्रीमियम म्हणून पोचतात चाळीस रुपये. बाकीचे मालाची किंमत, भाजणं, जहाज, कर आणि दुकान यांत वाटले जातात. कर्ज फिटेल ही आशा सोडा.

तरीही ही व्यवस्था मी खोटी म्हणणार नाही. २००१ साली जगात कॉफी पौंडाला ५० सेंटच्या खाली कोसळली, तेव्हा फेअर ट्रेडचा दर सव्वा डॉलरच्या आसपास होता. त्या काळात कित्येक घरं त्यावर तगली. २०२३ मध्ये अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान दर १.८० डॉलर झाला. बाजार त्याच्या वर गेला की बाजारभाव मिळतो. प्रीमियमचं काय करायचं ते शेतकऱ्यांची संस्था सभेत ठरवते. आणि मागणी केली तर खरेदीदाराला कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यावी लागते. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं, कारण शेतकरी पेरणी ते काढणीच्या मधल्या महिन्यांत बुडतो.

आता नानांकडे बघा. त्यांना आगाऊ पैसा देणारं कोणी नाही. लाखाला महिना दोन हजार, कापूस घरी येईपर्यंत सहा-सात महिने, म्हणजे तेरा हजार व्याज. उधारीच्या तगाद्यात दिवाळीतच खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, माल द्यावा लागतो, हमीभावाने घेणाऱ्या सीसीआयच्या (सरकारी कॉटन कॉर्पोरेशनच्या) केंद्राची वाट बघायला उसंत नसते. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. क्विंटलमागे हजार जरी कमी मिळाले तरी पंचवीस क्विंटलवर पंचवीस हजार गेले. वर्षाला अडतीस हजारांचा फटका, आणि तुमच्या कॉफी-चॉकलेटचा प्रीमियम वर्षाला पाचशेही नाही.

हातभार अडलाय तो पॉलिसीमुळे. तुमच्या पॉलिसीत वीस वर्षांत १४ लाख ४० हजार भरायचे आणि शेवटी एजंटने सांगितलेले २६ लाख घ्यायचे, हा परतावा वर्षाला साडेपाच टक्केसुद्धा नाही. तोही मिळालाच तर. विमा किती? १४ लाख, म्हणजे दोन वर्षांचा पगार. बायको-मुलं असलेल्या माणसाला हे "सेव्हिंग प्लस सुरक्षा" म्हणून विकणाऱ्याचा मला संताप येतो. घरातला भाऊ चोवीस टक्क्यांनी उधार घेतोय आणि तुम्ही साडेपाच टक्क्यांसाठी पैसे अडकवताय.

आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा साधा विमा. तंबाखू नसेल तर वर्षाला पंधरा-सोळा हजार. तो हातात आला की जुनी पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधीच बंद करा. भरलेल्या २ लाख ८८ हजारांपैकी निम्मे, १ लाख ४४ हजार तरी मिळतील. उरलेले गेले असं समजा. त्यांच्या मागे आणखी सोळा हप्ते घालू नका. त्यातून सोसायटीचं थकीत व्याजासह लाखभर फेडा. उरलेले ४४ हजार आणि टर्म विम्याचे सोळा हजार वजा जाता मार्चच्या हप्त्यातले वाचलेले ५६ हजार मिळून कृषी केंद्राची उधारीही संपते.

सोसायटीचं खातं नियमित झालं की नानांना पुन्हा पीक कर्ज मागता येईल. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य. अर्ज आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीच टाका, बियाण्याच्या गर्दीत कोणी ऐकून घेत नाही.

पैसे देताना भावाभावांत एका कागदावर लिहून ठेवा: किती दिले, परत घ्यायचे की नाही. वहिनींसमोर लिहा. कॉफी आवडत असेल तर महिन्याला एक पाकीट ठेवा, खरी फेअर ट्रेडची खूण बघून. पाकिटावर नुसतं "एथिकल" छापलेलं असेल तर जादा पैसे देऊ नका.