घरच्या डेस्कटॉपसाठी रेड हॅट की अल्मालिनक्स?
रोजच्या वापराला एंटरप्राइझ लिनक्स (कंपन्यांसाठी बनवलेलं, वर्षानुवर्षं फारसं न बदलणारं लिनक्स) चालेल का, तर चालेल. फक्त नव्याची हौस नको. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ मशीनपर्यंत फुकट मिळतं, पण नोंदणी करावी लागते. ती कटकट नको असेल तर त्याच्याशी सुसंगत असलेलं फुकट अल्मालिनक्स घ्या. त्याच्या ९ व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

खरी अडचण हार्डवेअरची. दोन्हींच्या ९ व्या आवृत्तीतलं कर्नल (हार्डवेअर हाताळणारा सिस्टीमचा गाभा) ५.१४ या जुन्या आकड्यावरच राहतं. रेड हॅट त्यात नवे ड्रायव्हर मागून घालतं, तरी ताज्या लॅपटॉपचं वायफाय रुसू शकतं. म्हणून आधी लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून, तपासा. ब्राउझर, व्हीएलसी वगैरे फ्लॅटपॅकवरून (सिस्टीमपासून वेगळी ॲप बसवायची सोय) घ्या, म्हणजे खालची सिस्टीम जुनी असली तरी ॲप ताजी राहतात. गेमिंग करायचं असेल तर सरळ फेडोरा, म्हणजे रेड हॅटच्याच पाठबळावरचं पण ताजं राहणारं लिनक्स.