सर्वाधिक लोकांचं सर्वाधिक सुख, यात चुकीचं काय?

तुमचा प्रश्न रास्त आहे: जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुख मिळत असेल तर, तेच योग्य मानणाऱ्या उपयुक्ततावादाला आक्षेप कशाला?

दादरला सकाळी कुणीतरी रुळांवर पडतो. गाडी थांबते आणि मागच्या साऱ्या गाड्या रखडतात. हजारो लोकांचा लेट मार्क, चिडचिड, बुडालेल्या मीटिंगा. या सगळ्या छोट्या त्रासांची बेरीज केली तर कधीतरी ती एका जिवापेक्षा भारी भरेलच. मग गाडी पुढे न्यायची? चरफडणारा प्रवासीही याला ‘हो’ म्हणणार नाही (निदान मोठ्याने तरी). कारण हजार जणांचा कंटाळा सोसणारा एकच माणूस कुठेच नसतो, मरणारा मात्र एकच असतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं: उपयुक्ततावाद माणसामाणसातला वेगळेपणा पुसून टाकतो.

दुसरा आक्षेप सुखावरच. दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 मध्ये विचारलं, हवा तो अनुभव देणारं यंत्र मिळालं, तर जन्मभर त्यात पडून राहाल का? बहुतेक जण बिचकतात; म्हणजे आपल्याला नुसतं सुख पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हा युक्तिवाद थोडा कच्चा वाटतो. कदाचित आपण नुसते सवयीचे गुलाम असू.

आपल्याकडे टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) उपयुक्ततावादाचा समाचार घेतलाय. त्यांचा रोख वेगळा: नुसता परिणाम मोजून भागत नाही, करणाऱ्याची बुद्धी, म्हणजे हेतू, पाहावी लागते. लाच देऊन लोकोपयोगी काम झालं, तर ती लाच चांगली ठरते का?