पुस्तक येण्याआधी वाचक कसे जमवायचे?

पुस्तक छापून आल्यावर वाचक शोधायला निघालात तर उशीर होतो. प्रकाशनाच्या सहा-आठ महिने आधी सुरुवात करा. सध्या एवढंच पुरे:

१. ईमेल यादी (तुमच्याकडून ईमेल यावेत म्हणून स्वतः पत्ता देणाऱ्या वाचकांची यादी) आजच सुरू करा, दहा नावं असली तरी चालेल. समाजमाध्यमावरची पोस्ट किती जणांना दाखवायची हे ते माध्यम ठरवतं, यादी मात्र तुमच्या हातात राहते. नाव नोंदवणाऱ्याला लगेच काहीतरी वाचायला द्या: एखादी पूर्ण कथा किंवा पहिलं प्रकरण. न विचारता कुणाचा पत्ता यादीत घालू नका. अशी पत्रं अनेकदा स्पॅममध्ये जातात आणि मग बाकीच्यांना पाठवलेलीही जायला लागू शकतात.

२. माध्यम एकच निवडा, जिथे तुमच्या प्रकारचं लेखन वाचणारे आधीच आहेत. आठवड्याला एक मजकूर, ठरलेल्या दिवशी.

३. प्रकाशनाच्या दीड-दोन महिने आधी १५-२० जणांना प्रत वाचायला द्या. नातेवाईक शक्यतो नकोत, ते कौतुकच करतील! प्रामाणिक अभिप्राय मागा, चांगलाच लिहा असा आग्रह नको.

नवे लेखक हमखास चुकतात ते इथे: प्रत्येक पोस्टमध्ये 'माझं पुस्तक येतंय'. चार पोस्ट वाचकाच्या आवडीच्या विषयावर, मग एक पुस्तकाची, एवढं प्रमाण ठेवा. पैसे देऊन फॉलोअर घेणं तर पूर्ण वाया, ते वाचत नाहीत. आणि उत्साहात अख्खं पुस्तक ऑनलाइन टाकू नका. बरेच प्रकाशक ते 'पूर्वप्रकाशित' धरतात.

जाहिराती, बुकट्रेलर (पुस्तकाची झलक दाखवणारा छोटा व्हिडिओ) वगैरे नंतर बघू.