फराळ पहाटे साडेपाचला, विंडो उघडते बाराला

दसरा झाला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, सोळा तासांचं फास्टिंग छान जमलंय, वजनही उतरतंय. पण आता दिवाळी आली. चालू ठेवू का? मध्येच सोडलं तर उतरलेलं सगळं परत येईल का?" विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीतल्या बायका असतात, अलीकडे पुरुषही विचारतात. दोन वाक्यांत उत्तर दिलं तर मान डोलावतात, पण मनातून भीती जात नाही. म्हणून एकीचा अनुभव सविस्तर लिहिते. त्यांनी परवानगी दिली आहे. नाव आणि ओळख पटेल असं बाकीचं मी गाळलं आहे.

ताई नाशिकच्या सिडकोत राहतात, एका पतसंस्थेत काउंटरवर असतात. वय 44. घरी सासूबाई, अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारे यजमान आणि दहावीतली मुलगी. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 16:8 सुरू केलं. दुपारी 12 ते रात्री 8 एवढ्यातच खायचं, हीच त्यांची 'विंडो', उरलेले सोळा तास पाणी आणि कोरा चहा. मोबाईलवर ॲप होतं. तास पूर्ण झाले की त्यातलं वर्तुळ हिरवं व्हायचं. 74 किलोवरून त्या 70 वर आल्या होत्या. नवरात्रात घटाचे उपवास आणि विंडो, दोन्ही सांभाळलं. त्यातच एका संध्याकाळी कालिकेच्या यात्रेतल्या गर्दीत दीड तास रांगेत उभ्या राहिल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता. तो अभिमान खरा होता आणि मी तो मनापासून मान्य केला. चार किलो उतरवणं सोपं नसतं.

आल्या तेव्हा दिवाळीला दोन आठवडे होते. डिसेंबरात भाचीचं लग्न, तोवर 66 किलो, असं वहीत लिहून आणलं होतं. त्यांची अडचण एवढीच होती: "नरकचतुर्दशीला आमच्याकडे पहाटे आंघोळी झाल्या की साडेपाचला सगळे फराळाला बसतात. माझी विंडो बाराला उघडते. लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्ताशांनाही साडेआठ वाजतात, तेव्हा ती बंद झालेली असते. मी नुसतं बसले तर चालेल ना?"

बसायला काहीच हरकत नव्हती. मला 'नुसतं' हा शब्द खटकला.

मी विचारलं, "गेल्या महिन्यात घरच्यांबरोबर ताटावर किती वेळा बसलात?" त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग दिवसाचा हिशोब मांडला. सकाळी कोरा चहा. बाराला चार बदाम, तेही काउंटरवर गर्दी नसेल तर. दीडला डबा, एक पोळी आणि भाजी. घरी पोचायला सव्वासात, स्वयंपाक, आणि आठाच्या आत ओट्याशी उभं राहून दोन पोळ्या. घरचे नऊला जेवतात, तेव्हा या वाढायच्या. महिनाभर त्या एकदाही सगळ्यांसोबत बसल्या नव्हत्या, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी समुपदेशक आहे. आहाराचा तक्ता आमच्याकडच्या आहारतज्ज्ञ करतात. माझं काम त्या तक्त्याभोवती माणसाच्या मनात काय चाललंय ते बघणं. म्हणून त्यांना एवढंच सांगितलं की आठवडाभर काय खाल्लं ते लिहू नका, कधी आणि कुठे खाल्लं ते लिहा, आणि त्या वेळी मनात काय होतं ते.

पुढच्या वेळी त्या वही उघडेनात. शेवटी वही पर्समध्येच ठेवून बोलायला लागल्या. शनिवारी रात्री चकल्या तळल्या. विंडो बंद होती, म्हणून एकही चाखली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा भाजणीत मीठ जास्त पडलं, आणि ते कळलं चार किलो चकल्या तळून झाल्यावर, मुलीने खाऊन बघितली तेव्हा. सगळे झोपले. अकरा वाजता त्या डबा भरायला गेल्या आणि तुटलेले तुकडे उचलून तोंडात टाकू लागल्या. "तुकडे मोजायचे नसतात ना मॅडम." मग अख्ख्या चकल्या. मग शंकरपाळे. दिवा लावला नव्हता. पोट दुखेपर्यंत खाल्लं, आणि सकाळी शिक्षा म्हणून सोळाचे वीस तास केले. त्या रात्री पुन्हा तेच. मग चोवीस तास. हे नवरात्रापासून, आठवड्यातून दोन-तीनदा होत होतं. वजन काटा पंधरा दिवस 70 वरच अडकला होता तो यामुळे. त्या मात्र समजत होत्या की आपले तास कमी पडतायत.

मला इथे थांबून एक सांगावंसं वाटतं, कारण हे ऐकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईला वाटतं की आपल्यालाच जिभेवर ताबा नाही. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटाला 36 निरोगी तरुणांनी स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहायचं ठरवलं. महायुद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा खायला कसं घालावं, हे त्यातून शिकायचं होतं. त्या तरुणांना दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. बंधन उठल्यावर त्यांतले काही पोट तुडुंब भरलं तरी खातच राहिले. ताई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मी रात्री झोपताना रेसिपीचेच व्हिडिओ बघते." दिवसभर शरीराला कमी मिळालं की ते रात्री मागून घेतं. ती मागणी लबाडी नसते. त्यात लपून खाल्लं, त्याची लाज वाटली, लाजेपोटी आणखी उपास केला, की दुसऱ्या रात्रीची सोय आपणच करून ठेवतो. असं आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने होत असेल, आणि थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत. वेळीच दाखवावं.

त्यांनी एक फॉरवर्डही दाखवला, उपवासाला नोबेल मिळाल्याचा. 2016 साली योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं ते पेशी आपलाच टाकाऊ भाग कसा मोडून वापरतात, ते यीस्टच्या पेशींत शोधून काढल्याबद्दल. मोठंच काम आहे. पण सिडकोतल्या बाईने बाराऐवजी आठला पोहे खाल्ले तर काय होईल, हा त्या संशोधनाचा विषय नव्हता. वजनाच्या बाबतीत मला जास्त उपयोगी वाटतो तो चीनमधल्या ग्वांगझूचा अभ्यास. 2022 साली प्रसिद्ध झाला. 139 लठ्ठ माणसं, पूर्ण एक वर्ष. सगळ्यांना सारख्याच मापाचं कमी जेवण, फक्त अर्ध्यांनी ते आठ तासांतच घ्यायचं. त्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, बाकीच्यांचं 6.3 किलो, आणि हा फरक शास्त्रज्ञांच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. म्हणजे घड्याळात वेगळी जादू नाही. वेळ बांधून घेतल्याने ज्याचं अरबट-चरबट खाणं आपोआप कमी होतं, त्याला ती उपयोगी पडते. ज्याचं रात्री दुप्पट होतं, त्याला नाही.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी त्यांचा घाबऱ्या आवाजात फोन आला. सासूबाईंना मधुमेह, सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी. पूर्वी आठला घरात उपमा किंवा पोहे व्हायचे. सुनेने सकाळचं खाणं सोडलं, तसा नाश्ता लांबत गेला, रविवारी तर थेट बाराला. म्हातारीने नेहमीसारखी आठला गोळी घेतली आणि कुणाला त्रास नको म्हणून गप्प बसल्या. साडेदहाला दरदरून घाम आणि हात थरथर. घरातल्या मशीनवर साखर 58. 70 च्या खाली गेली की धोका असतो. मुलीने प्रसंगावधान दाखवून तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग पोळी खायला घातली. निभावलं. डॉक्टरांनी नंतर बजावलं की ही गोळी आणि नाश्ता यांची ताटातूट करायची नाही.

उपवास सुनेचा आणि साखर उतरली सासूची. नवं डाएट सुरू करताना आपण आपलं वजन, आपली थायरॉइड बघतो. पण घरातली चूल आपल्या हातात असेल तर तिच्यावर आणखी कुणाकुणाच्या वेळा बांधलेल्या आहेत, हेही बघायला हवं. आणि साखरेची अशी गोळी किंवा इन्शुलिन आपल्याला स्वतःला चालू असेल, दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, किंवा पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोळा तासांच्या वाटेला जाऊच नये.

तिसऱ्या भेटीला ताईंनी सासूबाईंनाच सोबत आणलं. मला वाटलं तक्रारी ऐकायला मिळतील. त्या म्हणाल्या, "उपासाला मी कशाला नावं ठेवू? चातुर्मासात धरणे-पारणे केलंय मी, एक दिवस उपास, एक दिवस जेवण. पण दिवाळी चातुर्मासातच येते ना? तेव्हा आम्ही पंगतीला बसायचोच. हिच्या मोबाईलला तिथी कळत नाही." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "आणि चकली खारट झाली तर होऊ दे. पण अंधारात का खातेस गं?" त्यांना सगळं माहीत होतं. ताई रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि गप्प राहिले.

त्यानंतर जे ठरलं त्यात काही अवघड नव्हतं. वजन उतरवायचं काम दिवाळीपुरतं बाजूला ठेवायचं, 70 आहे ते टिकवायचं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात नाताळाच्या दिवसांत 195 माणसांचं वजन सरासरी किती वाढलं, तर 370 ग्रॅम. लोकांना स्वतःला ते कितीतरी जास्त वाटत होतं. वाईट एवढंच की ते पाव-अर्धा किलो पुढे उतरलंही नाही, म्हणून टिकवण्यालाच किंमत आहे. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जास्तीच्या लागतात. मध्यम बेसनलाडू दीडशे-दोनशेचा धरला, तर रोजच्या जेवणावर चाळीस-पन्नास लाडू. इतके कुणी खात नाही. पाडव्याच्या सकाळी काटा दीड किलो वर दिसतो तो बहुतांशी मीठ आणि पिष्टान्नाबरोबर शरीरात थांबलेल्या पाण्यामुळे. म्हणून काटा तुळशीच्या लग्नापर्यंत माळ्यावर.

सकाळी आठला सगळ्यांचा नाश्ता, सासूबाईंच्या गोळीसोबत. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या आणि उसळ. रात्री साडेआठला सगळे एकत्र, मग सकाळपर्यंत काही नाही. हे अकरा-साडेअकरा तास होतात आणि त्यातले बरेचसे झोपेत जातात. फराळ ताटलीत वाढून, बसून, दिवा लावून. रात्री अकराला ओट्याकडे पाय वळलेच, तर स्वतःला शिव्या न घालता वहीत एक ओळ, आणि सकाळचा नाश्ता तरीही खायचा. शेवटची अट त्यांना सगळ्यात जड गेली. शिक्षेचे तास बंद केल्याशिवाय रात्रीचं खाणं थांबत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, त्यामुळे तिथे मी सूट दिली नाही.

नरकचतुर्दशीला त्यांनी काय केलं ते नंतर सांगितलं. उटणं, आंघोळ, बाहेर बऱ्यापैकी गारठा, आणि साडेपाचला चटईवर सगळ्यांच्या मधोमध. एक करंजी, एक चकली, वाटीभर चिवडा. ॲपने बारा वाजता 'विंडो उघडली' असा निरोप दिला तेव्हा त्यांनी ते काढून टाकलं. भाऊबीजेनंतरच्या सकाळी तिघं पांडवलेणीच्या पायऱ्या चढून आले. दिवाळीच्या दिवसांत रात्रीचं खाणं एकदा झालं, लक्ष्मीपूजनाच्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाश्ता केला. मला त्या एका नाश्त्याचं फार मोल वाटतं.

तुळशीच्या लग्नाला वजन 70.6. भाचीच्या लग्नात 69.5. वहीतले 66 काही आले नाहीत, साडीचा ब्लाउज थोडा सैल करून घ्यावा लागला. जानेवारीपासून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या पुन्हा वेळ बांधून खातात, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात. घरच्यांनीच रात्रीचं जेवण अलीकडे आणलं.

मुलीचं सगळ्यात शेवटी कळलं. नवरात्रापासून तिचा शाळेचा डबा भरलेला परत येत होता. विचारलं तर म्हणायची, "माझीपण विंडो उघडली नव्हती." पंधरा वर्षांच्या, वाढत्या वयाच्या मुलीने हे करायचं नसतं. ती आता दर शुक्रवारी येते, आईला बाहेर बसवून माझ्याशी बोलते. डबा रिकामा जातो घरी, पण मनातली मोजदाद अजून थांबलेली नाही. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, डब्यात एक लाडू ठेवायला आईला सांगू का. सांग ना, म्हटलं. ती म्हणाली, "सांगेन. पण त्यात किती कॅलरी ते तिने सांगायचं नाही, असं तुम्ही तिला सांगाल?"

मी दार उघडून आईला आत बोलावलं.